राष्ट्रीय खेळ पंधरवडा

क्रीडा खात्यात आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्या बाईचं टोपणनाव खुंटा होतं, पण ते खात्यात कुणाला ठाऊक नव्हतं. खात्यात तिला 'मॅडम, शिक्का' एवढंच म्हणत. खुंटा हे नाव मैदानावरचं. रस्सीखेच हा देशाचा राष्ट्रीय खेळ, आणि त्याच्या महिला संघात ती सहा वर्षं सगळ्यात शेवटी उभी राहायची. शेवटच्या खेळाडूनं दोर काखेतून घ्यायचा, पाठीवरून खांद्यावर आणायचा, टाचा मातीत रोवायच्या आणि पुढच्या सात जणी घसरल्या तरी आपण जागचं हलायचं नाही. या शेवटच्या जागेला खेळात 'अँकर' म्हणतात. ती हलत नसे, म्हणून खुंटा.

रस्सीखेच हा राष्ट्रीय खेळ आहे, हे साऱ्या देशात दोनच ठिकाणी लिहिलेलं होतं. एक, चौथीच्या पुस्तकात आणि दोन, खात्याच्या दाराशेजारच्या पाटीवर. पुस्तकातला तो धडा परीक्षेला नसायचा, आणि पाटीसमोर कुणीतरी मोठी कुंडी आणून ठेवली होती.

तर या खुंट्याला एका सकाळी संचालकांनी वर बोलावलं. त्यांच्यापुढे तिची फाइल उघडी होती आणि चेहऱ्यावर खजिना सापडल्याचा भाव होता.

"तुम्ही राष्ट्रीय संघाच्या अँकर होतात?"

"हो साहेब. सहा वर्षं."

"आणि अशी व्यक्ती खाली शिक्के मारत बसलीय. कमाल आहे आपल्या खात्याची." त्यांनी हळहळत मान हलवली, खातं दुसऱ्याच कुणाचं असावं तशी. "मंत्रिसाहेबांनी राष्ट्रीय खेळ पंधरवडा जाहीर केलाय. प्रसिद्धी कक्ष उघडायचाय. तो तुम्ही सांभाळायचा. माइकची सवय असेलच."

"माइक? साहेब, अँकर म्हणजे दोराच्या शेवटी जो..."

"शेवटी आभारसुद्धा तुम्हीच माना. माझी काही हरकत नाही."

तिनं पुन्हा तोंड उघडलं, तोवर त्यांनी फोन उचलला होता. जिना उतरताना तिला आधी हसू आलं, मग राग आला. पण दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत एक तिसराच विचार डोक्यात शिरला. तेरा वर्षं ती या इमारतीत होती. तेरा वर्षांत रस्सीखेच हा शब्द तिच्या टेबलावरून गेला होता तो फक्त 'पुढील वर्षी विचार करावा' अशा शेऱ्याखाली. आता खेळाची प्रसिद्धी करायचं काम आपणहून गळ्यात येऊन पडतंय, तर ते चुकून पडतंय म्हणून नाकारायचं कशाला?

घरी सासूबाईंनी बातमीचा अर्थ आपल्या परीनं लावला. तासाभरात इमारतीतल्या चारही मजल्यांना कळलं, की आमची सून टीव्हीवर येणार.

"खरं काय ते सांगून टाक ना साहेबांना," नवरा म्हणाला. तो लिफ्टचा मेकॅनिक. अडकलेल्या माणसांशी बोलून बोलून त्याचा आवाज कायमचा शांत झाला होता.

"सांगत होते. ऐकलं नाही."

"मग झालं तर. तुझ्या बाजूनं तू सांगितलंयस."

प्रसिद्धी कक्ष म्हणजे तळमजल्यावरची अडगळीची खोली. तिथं वाकलेले भाले होते, पोटातून कापूस निघालेल्या गाद्या होत्या, आणि एक कपाट होतं. कपाटात अकरा वर्षांपूर्वी छापलेली बारा हजार माहितीपत्रकं नव्यासारखी कोरी पडून होती. त्यांच्या वाटपाचा शुभारंभ मोठ्या माणसाच्या हस्ते व्हायचा होता. त्या माणसाची वेळ मिळाली नाही, आणि शुभारंभाशिवाय वाटप करणं नियमात बसत नव्हतं. तिनं एक पत्रक उघडलं. आत तिच्याच संघाचा फोटो होता. सात जणी होत्या. आठवी, म्हणजे ती, कागदाच्या कडेबाहेर गेली होती. एका बुटाची टाच तेवढी आत राहिली होती. ती टाच तिनं लगेच ओळखली.

पहिल्याच आठवड्यात पोस्टरची बैठक झाली. जाहिरात संस्थेचा माणूस तीन नमुने घेऊन आला. पहिल्यात एक गिर्यारोहक कड्यावरून दोराला लोंबकळत होता. दुसऱ्यात बंदरात बांधलेलं जहाज होतं. तिसऱ्यात फुटबॉल होता.

"फुटबॉल कशासाठी?" तिनं विचारलं.

"मॅडम, फुटबॉल पाहिला की लोक थांबतात. थांबले की खाली बारीक अक्षरात रस्सीखेच आहे, ते वाचतील."

"पण दोर ओढणारी माणसं का नाहीत एकातही?"

तो माणूस अवघडला. "ती थोडी... कष्टाळू दिसतात. तोंडं वाकडी होतात त्यांची."

दोन तासांच्या चर्चेनंतर असं ठरलं, की मधोमध मंत्रिसाहेब, डावीकडे संचालक आणि उजवीकडे सदिच्छादूत म्हणून नेमलेला सिनेमानट. दोरालाही न्याय मिळाला. त्याची चौकट झाली. पोस्टर भिंतीवर टेकवून सगळे समाधानानं मागे सरले, तेव्हा तिला दिसलं की त्यावर तारीख नाही, ठिकाणही नाही. खाली फक्त खात्याचा टेलिफोन नंबर होता.

उपसंचालकांनी तिला बाजूला घेऊन समजावलं. माणूस प्रेमळ होता, निवृत्तीला सात महिने उरले होते. "तारीख छापली की लोक येतात. आले की खुर्च्या लागतात, पाणी लागतं, कुणीतरी चक्कर येऊन पडतं. मागच्या पंधरवड्याला आपण तारीख घातली नव्हती. एक तक्रार आली नाही."

"साहेब, मागच्या वेळी कार्यक्रमच झाला नव्हता."

"तेच तर म्हणतोय मी."

नटाच्या चित्रफितीचं काम त्याहून झकास झालं. तो स्वतःचा केशभूषाकार आणि स्वतःची खुर्ची घेऊन आला. माणूस नम्र होता. त्यानं तिला मनापासून विचारलं, "ताई, यात बॉल साधारण कुठून येतो?" बॉल नसतो हे ऐकून तो थोडा काळजीत पडला. दोर हाताला टोचतो म्हणून त्यावर साटीनचं कापड गुंडाळलं गेलं. समोरचा संघ पडद्यावर गर्दी करेल म्हणून दोराचं दुसरं टोक जनरेटरच्या गाडीला बांधलं. नटानं डोळे मिटून, ओठ दाबून झटका दिला, साटीन सरकलं, आणि तो सरळ मातीत बसला. दिग्दर्शकाला ते दृश्य फार आवडलं. पराभवातलं सौंदर्य म्हणून तेच ठेवलं. चित्रफीत खात्याच्या संकेतस्थळावर टाकली, ते उघडायला पासवर्ड लागत असे. पंधरवड्याच्या सुरुवातीपर्यंत ती एकेचाळीस वेळा पाहिली गेली. त्यातल्या एकोणीस वेळा सासूबाईंनी, सुनेच्या मोबाइलवर, सून कुठे दिसते का ते शोधत.

"तू कुठंच नाहीस गं यात," त्या शेवटी म्हणाल्या.

"मी जनरेटरच्या मागे उभी होते."

"मग त्या मेल्याला तरी नीट बसायला शिकवायचं."

अंतिम सामन्यासाठी मुख्य स्टेडियम मिळणार नव्हतं, त्या दिवशी तिथं फुटबॉल होता. खात्यानं स्टेडियममागचं वाहनतळ सुचवलं. इथं मात्र खुंटा अडून बसली. डांबरावर टाच रुतत नाही, पोरींचे गुडघे जातील, असं तिनं तीन वेळा लेखी दिलं. तिसऱ्या कागदानंतर संचालक वैतागून म्हणाले, तुम्हीच शोधा मग जागा. तिनं बस डेपो आणि सरकारी रुग्णालय यांच्यामधलं मोकळं मैदान शोधलं. स्वतः जाऊन दगड वेचले, नवऱ्याला रविवारी बोलावून माती भिजवून घेतली. पत्रकारांची निमंत्रणंही तिनं लिहून जावकला दिली. फक्त जावकला आता कुणी नव्हतं. तिच्या जागी माणूस नेमायचा प्रस्ताव विचाराधीन होता.

पंधरवड्याचं उद्घाटन आणि अंतिम सामना एकाच दिवशी ठेवले होते. त्या दिवशी मैदानात साठ खुर्च्या होत्या, आणि त्यांतल्या चाळीसेक खेळाडूंच्या घरच्यांनी अडवल्या होत्या. तिच्या जुन्या प्रशिक्षकांना सगळे 'सर' म्हणत. सर गेल्या वर्षीच्या विजेत्या मुलींना घेऊन कोपऱ्यात उभे होते. आठ मुली, सगळ्या कुठल्या ना कुठल्या कारखान्यात उभ्यानं काम करणाऱ्या. उद्घाटन म्हणून मंत्रिसाहेबांचा संघ या मुलींविरुद्ध दोर ओढणार होता. मंत्रिसाहेब पुढे, मागे संचालक, मग उपसंचालक आणि बाकीचे अधिकारी. चौथ्या सेकंदाला मुलींनी दोर सोडायचा, टाळ्या व्हायच्या आणि साहेबांनी पुढच्या कार्यक्रमाला जायचं. तसं गोपनीय पत्र संचालकांनी सरांना चार दिवस आधीच धाडलं होतं. धाडलं होतं म्हणजे सही करून जावकच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं.

ती माइकवरून मंत्रिसाहेबांचं स्वागत करत होती तेव्हाच गडबड झाली. आठवा अधिकारी, विधी विभागाचा, कंबर धरून खुर्चीवर बसला. संचालकांनी तिला खूण केली. "तुम्ही या. फक्त मागे उभ्या राहा. कॅमेऱ्यात दिसणार नाही तुम्ही, काळजी नको."

तिनं माइक टेबलावर ठेवला. सँडल काढून टेबलाखाली सरकवले. भिजवलेली माती तळव्यांना गार लागली. दोराचं शेपूट हातात आलं आणि पुढचं सगळं हातांनी आपलं आपण केलं. काखेतून, पाठीवरून, खांद्यावर. अकरा वर्षांत तिनं हे केलं नव्हतं.

पंच म्हणाले, "दोर उचला. ताण घ्या. स्थिर. ओढा."

अधिकाऱ्यांनी जिंकण्याची वाट पाहिली. एक, दोन, तीन, चार. पाचव्या सेकंदाला मंत्रिसाहेब वीतभर पुढे सरकले, आणि त्यांच्या पायातले चकचकीत बूट मातीवरून तसेच घसरत निघाले. संचालकांनी मुलींकडे पाहून भुवया उडवल्या. मुलींना वाटलं साहेब उत्तेजन देतायत. त्यांनी जोर वाढवला.

"हात वाकवू नका," मागून आवाज आला. माइकशिवायच, पण सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. "मंत्रिसाहेब, कोपर सरळ. दोराकडे बघू नका, वर बघा. मागे झोपा. अजून झोपा, पडत नाही."

मंत्रिसाहेब झोपले. मंत्री झाल्यापासून त्यांना असं कुणी बोललं नव्हतं.

"संचालक साहेब, पाय जोडून उभे राहू नका. टाच रोवा. उपसंचालक साहेब, फोन वाजू द्या. श्वास सोडताना ओढायचं, सगळ्यांनी एकदम. आता."

आणि दोर थांबला. मधली लाल खूण रेषेच्या अलीकडे हातभर येऊन जागच्या जागी थरथरत राहिली. रस्सीखेच खेळातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, की सोळा माणसं जिवाच्या आकांतानं ओढतात आणि काहीही हलत नाही. हे तिला कुठल्याच पत्रकात नीट लिहिता आलं नव्हतं. आता लिहायची गरज पडली नाही. डेपोतल्या एका ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बसमधली माणसं खिडक्यांना लागली, मग उतरली. रुग्णालयात भेटीच्या वेळेची वाट पाहत बसलेले लोक डबे हातात घेऊन कुंपणाशी आले. रुग्णालयाच्या धुलाई विभागातल्या बायका भिंतीवरून डोकावू लागल्या. कुणालाच कळत नव्हतं कोण कोणाच्या बाजूनं आहे. तरी सगळ्यांनी बाजू घेतली होती.

साडेतीन मिनिटं. मग संचालकांचा पाय सुटला, त्यांच्यामागून दोघांचे, आणि सगळा संघ इंचाइंचानं ओढला गेला. शेवटी रेषेजवळ फक्त दोघांनी दोर धरलेला होता. पुढे मंत्रिसाहेब आणि मागे ती. मुलींनी दोघांनाही ओढून नेलं.

मंत्रिसाहेब मातीत बसले होते. दोन्ही तळहात सोललेले, शर्ट बाहेर आलेला, आणि ते हसत होते, दम लागेपर्यंत.

"बाई," ते म्हणाले, "हा खेळ तरी कुठला?"

"राष्ट्रीय आहे, साहेब."

"कुठल्या राष्ट्राचा?"

"आपल्याच."

त्यांनी मागच्या भल्यामोठ्या पोस्टरवरच्या स्वतःच्या फोटोकडे पाहिलं, मग चौकटीतल्या दोराकडे. पुढचा कार्यक्रम सोडून अंतिम सामन्याच्या तिन्ही फेऱ्या संपेपर्यंत हाताला ओला रुमाल बांधून खुर्चीत बसून राहिले. त्यांचं भाषण खिशातच राहिलं, त्याबद्दल कुणीच तक्रार केली नाही.

सर तिच्याजवळ आले. "टाच अजून बसते तुझी."

"वजन वाढलंय, सर."

"बरंय मग. शेवटच्याला ते लागतंच."

दुसऱ्या दिवशी बातमी आली: क्रीडा कार्यक्रमात मंत्र्यांच्या हातांना इजा. रस्सीखेच हा शब्द बातमीत नव्हता. बसमधल्या एका प्रवाशानं काढलेला व्हिडिओ दोन दिवसांत अडीच लाख लोकांनी पाहिला. त्याचं शीर्षक होतं 'बाईनं साहेबांना झोपवलं'. लोकांनी तो हसण्यासाठी उघडला आणि बऱ्याच जणांनी शेवटपर्यंत श्वास रोखून पाहिला, असं खाली लिहिलेल्या अभिप्रायांवरून दिसत होतं.

खात्यानं तातडीनं चौकशी समिती बसवली. समितीनं तीन आठवड्यांत अहवाल दिला, की या खेळात दोर हा घटक धोकादायक आहे, सबब पुढील पंधरवडा दोराविना साजरा करण्याची शक्यता तपासावी. त्याच आठवड्यात विक्रमी प्रसिद्धीबद्दल संचालकांचा गौरव झाला. त्यांनी भाषणात सांगितलं, की या यशामागे काटेकोर नियोजन होतं. ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. उपसंचालक शेजारी होते. ते हळूच म्हणाले, "माझा फोन वाजत होता ना, बायकोचा होता. तिनं व्हिडिओत पाहिलं. म्हणाली, इतकी वर्षं नोकरी केलीत, काम करताना पहिल्यांदाच दिसलात."

तिला आवक-जावकला परत पाठवलं. आदेशात म्हटलं होतं, की सूत्रसंचालन मध्येच सोडल्यामुळे. टेबलावर साचलेल्या ढिगात सगळ्यात खाली पत्रकारांची निमंत्रणं होती आणि त्यांच्यावर सरांना लिहिलेलं ते गोपनीय पत्र. तिनं ते दोनदा वाचलं. चौथ्या सेकंदाला दोर सोडावा. तिनं त्यावर आजच्या तारखेचा शिक्का मारला आणि रवाना केलं. नियमानं ते तिचं कामच होतं. सरांनी पुढे ते पत्र शेडमध्ये चिकटवलं. मुली सरावाच्या आधी ते मोठ्यानं वाचतात आणि हसतात, असं तिच्या कानावर आलं.

मग फोन सुरू झाले. पोस्टरवरचा नंबर खात्याचा, आणि तो वाजायचा आवक-जावकमध्ये. कुणाला तो मातीत बसलेला नट हवा होता, कुणी बसचं वेळापत्रक विचारत होतं. नवव्या दिवशी एक बाईचा आवाज आला, भरदार, मागे यंत्रांची घरघर.

"मी रुग्णालयाच्या धुलाईतून बोलतेय. त्या दिवशी भिंतीवरून बघितलं. आम्ही अकरा जणी आहोत. दिवसाला चारशे ओल्या चादरी ओढतो. हे शिकायला कुठं जायचं असतं?"

तिनं नियमपुस्तिका उघडली. इच्छुकांनी कुठे जायचं याबद्दल त्यात काहीच नव्हतं. इच्छुक येतील असं कुणी धरलंच नव्हतं. तिनं पुस्तिका मिटली.

"तुमची पाळी कधी सुटते?"

"पाचला."

"मग साडेपाचला त्याच मैदानात या. चपला काढाव्या लागतील."

त्या आल्या. दंड असे, की सर चष्मा काढून पुसायला लागले. पहिल्या दिवशी ओढायला दिलंच नाही. फक्त दोर धरून मागे झोपायचं आणि तसंच राहायचं. मिनिटभरानं एक जण म्हणाली, "हलत तर काहीच नाही." खुंटा म्हणाली, "आत्ताच कुठं जमायला लागलंय."

वर्ष संपता संपता वरून एक तक्ता आला. पंधरवड्यामुळे खेळाकडे नव्यानं वळलेल्या नागरिकांची संख्या, आकडे लाखांत लिहावेत. तक्ता भरण्याचं काम फिरत फिरत आवक-जावककडे आलं, कारण बाकी कुणाकडे आकडाच नव्हता. तिनं कागदावर भागाकार केला, पुन्हा तपासला आणि रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: ०.०००११. मग शिक्का मारला, कागद जावकच्या ट्रेमध्ये टाकला आणि पिशवी उचलली. पाच वाजून गेले होते.